मी सांगतो, पण जरा उशिरा

मी एक थर्मामीटर बोलतोय. ताप आला की काखेत धरतात, तो मी नव्हे. तो माझा भाऊबंद, आणि त्याची सगळीकडे फार ऊठबस असते. मी वीतभराहून थोडा लांब, काचेचा, पोटात पारा आणि अंगावर शून्यापासून एकशे दहापर्यंत रेघा. दुसऱ्याच्या भांड्यात नाक खुपसणं हा माझा धंदाच आहे, तेव्हा माझ्या चौकसपणाला कुणी नावं ठेवू नयेत.

माझा जन्म एका काच फुंकणाऱ्या कारागिराच्या बाकावर झाला. माणूस अबोल होता. दिवसभर गाल फुगवून ज्योतीसमोर बसायचा. त्याने मला आधी बर्फात बुडवलं आणि पारा जिथे थांबला तिथे खूण केली. मग उकळत्या पाण्यात बुडवलं आणि तिथे दुसरी खूण केली. मधल्या जागेचे शंभर सारखे भाग केले, वर चवीपुरते दहा आणखी जोडले. माझं सगळं शिक्षण म्हणजे या दोन बुचकळ्या. पण त्यांतून एक गोष्ट मी कायमची शिकलो. मला जिथे ठेवाल तिथला मी होतो, फक्त तसं व्हायला थोडा वेळ लागतो. त्या काळी तो वेळ इतका थोडा होता की कुणाच्या लक्षातही आला नसता.

काही वर्षं दुकानाच्या कपाटात काढल्यावर मला आत्याने विकत घेतलं. ती काही माझी आत्या नव्हे. पण त्या घरात जिच्यावर माझा जीव जडला ती मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही म्हणतो.

आत्या मेणबत्त्या करायची. रस्त्याला लागून दोन खोल्या, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. पुढच्या खोलीत बांधाबांध आणि गिऱ्हाईक, मागच्या खोलीत शेगडी, लांब टेबल आणि टेबलावर पत्र्याचे चाळीस साचे. शेगडीजवळ दोन पातेली. लहान पातेलं उकळत्या पाण्यात बसवलेलं, त्यात रंगीत मेण नेहमी नव्वद अंशांवर ठेवलेलं. मोठ्या पातेल्यात पांढरं मेण. तेही नव्वदपर्यंत तापवायचं, मग शेगडीवरून उतरवून अडुसष्टपर्यंत निवू द्यायचं आणि तेव्हाच साच्यांत ओतायचं. त्याहून गरम ओतलं तर मेणबत्तीला वर खळगा पडतो. त्याहून गार ओतलं तर अंगावर वळ्या उठतात. हॉटेलवाले अशा मेणबत्त्या मुकाट्याने परत पाठवतात आणि पुढच्या खेपेला दुसरीकडे जातात. त्यामुळे आत्याच्या घरात माझ्या शब्दाला मान होता.

एकदा ढवळताना तिचा डाव माझ्यावर आपटला. मी फुटलो नाही, पण ती चांगलीच घाबरली. नळाच्या कामातून उरलेला तांब्याच्या पाइपाचा तुकडा तिने शोधून काढला, एक टोक ठोकून बंद केलं, झाळलं, वाचता यावं म्हणून वरच्या बाजूला उभी फट कापली आणि मला त्यात बसवलं. वर म्हणाली, आता हा मला पुरून उरेल.

चिलखत छान होतं, मी जपून राहिलो. पण त्या दिवसापासून माझा स्वभाव बदलला. मेणाची ऊब आधी तांब्याला कळायची, मग तांब्याच्या आतल्या हवेला आणि मग मला. बाहेरची बातमी माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागू लागला. खोटं मी कधीच सांगितलं नाही. उशिरा मात्र सांगू लागलो.

आणि मग ती मुलगी यायला लागली. आत्याच्या भावाची मुलगी, सोळा वर्षांची. आईबाप दोघंही कामावर, म्हणून शाळा सुटली की थेट इकडे यायची. आत्या तिला ‘प्रश्नावली’ म्हणायची, कारण ती दारातून आत येतानाच काहीतरी विचारत यायची. वात जळते मग मेण का संपतं? पांढरं मेण वितळल्यावर पाण्यासारखं दिसतं, मग गोठल्यावर परत पांढरं का? आत्या हात न थांबवता उत्तर द्यायची, आणि येत नसेल तर म्हणायची की हे माझ्या वेळेला पुस्तकात नव्हतं.

शाळेतलं गणित त्या मुलीने कधीच संपवलं होतं आणि आता ती वर्गात बसून सरांना कंटाळा आणत होती. शेवटी सरांनीच तिला आपलं कॉलेजातलं एक जाड पुस्तक दिलं. अवकल समीकरणांचं. ती मात्र डिफरन्शियल इक्वेशन म्हणायची, आणि दिवसातून इतक्यांदा म्हणायची की माझ्यासारख्या काचेच्या जिवालाही ते पाठ झालं. साचे वाळत घातलेल्या टेबलाचा एक कोपरा तिने बळकावला. तिथून माझी खुंटी दीड हातावर होती.

एका दुपारी आत्याने विचारलं, यात एवढं आहे तरी काय. मुलीने पेन्सिल खाली ठेवली.

“इतके दिवस गणितात एक आकडा हरवलेला असायचा, तो शोधायचा. यात आकडा हरवत नाही. यात फक्त एवढंच सांगतात की एखादी गोष्ट कशी बदलतेय. त्यावरून ती कधी कुठे असेल, ते सगळं शोधून काढायचं.”

“म्हणजे चोर कुठे आहे ते ठाऊक नाही, पण कसा पळतोय ते ठाऊक आहे,” आत्या म्हणाली.

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “हो. तेच. आणि निघाला कुठून तेही ठाऊक असावं लागतं.”

हे निघाला कुठून प्रकरण तिला फार छळत होतं. गणित सोडवताना मध्येच एक अक्षर लिहावं लागतं, स्थिरांकाचं. ते जिथल्या तिथे लिहिलं तर पुढे सगळं सरळ होतं. ही बया ते विसरायची आणि सगळं झाल्यावर शेवटी चिकटवून द्यायची, उठून गेलेल्या पाहुण्याला दाराबाहेर चहा द्यावा तसं. मग उत्तर बसायचं नाही. पण या विषयाची एक गंमत तिला लवकरच कळली आणि मला ती मनापासून आवडली. उत्तर बरोबर आहे का, हे बघायला कुणाला विचारावं लागत नाही. आपलं उत्तर उचलायचं आणि परत समीकरणात घालून बघायचं. बसलं तर बरोबर, नाही तर नाही. आठवडाभर तिची उत्तरं बसली नाहीत. आठव्या दिवशी बसायला लागली, तेव्हा ती दुपारभर एकही प्रश्न न विचारता गणितं करत राहिली. आत्याने दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग सरांनी कॉलेजची बातमी आणली. कॉलेजात दर शनिवारी शाळेतल्या मोजक्या मुलांसाठी वरच्या गणिताचा वर्ग चालायचा. जागा बारा. आत जायचं तर प्रत्येकाने एक काम करून न्यायचं. खरीखुरी बदलणारी एखादी गोष्ट घ्यायची, तिचं समीकरण मांडायचं, सोडवायचं आणि स्वतः मोजलेल्या आकड्यांशी ते जुळतं का ते दाखवायचं. सरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं की यापुढचं त्यांनाही आता पुसट झालंय. हा वर्ग मिळाला तर ती पुढे जाईल, नाही तर शाळेची उरलेली दोन वर्षं तीच ती गणितं परत करत बसेल. तिच्यासारख्या मुलीला दोन वर्षं तसं बसवणं म्हणजे काय, हे मला खुंटीवर लटकून जास्त कळत होतं.

तिने मेण निवडलं. नियम तिला पुस्तकात मिळालाच होता. मेण आणि खोली यांच्यात जेवढा फरक, त्या प्रमाणात मेण निवतं. फरक मोठा असला की भराभर, फरक कमी झाला की रेंगाळत. समीकरण एका ओळीचं, सोडवायला तिला पाच मिनिटं पुरली. राहिलं होतं मोजायचं, आणि तिथे मी आलो. मला फार अभिमान वाटला. पुढे काय होणार आहे ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अडचण एकच होती. घरात थर्मामीटर एक आणि पातेली दोन. रंगीत मेण नव्वदच्या वर गेलं की काळवंडतं, म्हणून मी बहुतेक वेळ त्यातच उभा असायचो. आत्याने परवानगी दिली, पण अट घालून. दर दहा मिनिटांनी मला न्यायचं आणि एका मिनिटात परत आणून ठेवायचं. मुलीची काहीच हरकत नव्हती. शाळेच्या प्रयोगवहीत तरी काय, थर्मामीटर बुडवा, एक मिनिट थांबा, वाचा, असंच छापलेलं असतं.

झालं. दर दहा मिनिटांनी ती मला नव्वद अंशांतून उचलायची, पांढऱ्या मेणात बुडवायची, मनात साठ मोजायची आणि वाचायची. आता माझी तऱ्हा तुम्हाला सांगितलीच आहे. एका पातेल्यातून दुसऱ्यात गेलो की बराच वेळ मी पहिल्याच्याच तंद्रीत असतो. विसाव्या मिनिटाला पांढरं मेण अठ्ठ्याहत्तरवर आलेलं असायचं आणि साठ म्हणेपर्यंत मी जेमतेम साडेपंच्याऐंशीपर्यंत उतरलेला असायचो. पारा खाली सरकताना तिला दिसत होता. पण मेणही निवत होतंच, तेव्हा त्यात तिला वावगं काही वाटलं नाही. ती आकडा लिहायची आणि मला परत नेऊन ठेवायची. थांब, अजून थांब, असं ओरडावंसं वाटायचं. पण माझ्याजवळ बोलायला पाऱ्याखेरीज काहीच नाही.

पहिल्या तीस मिनिटांच्या आकड्यांवरून तिने गणित केलं. उत्तर आलं की मेण अडुसष्टवर यायला दोन तास लागतील. तिने तसं ऐटीत जाहीर केलं. आत्याने चाळीस मिनिटं होताच मेण ओतायला घेतलं, आणि मेणबत्त्या नितळ निघाल्या.

मुलीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी परत मोजलं. परत दोन तास. तिसऱ्या दिवशीही तेच. तिने समीकरण तपासलं, उत्तर परत समीकरणात घालून पाहिलं, ते बसत होतं. स्थिरांक जिथल्या तिथे होता. बेरीज-वजाबाकी तीनदा केली. मग पुस्तकावर संशय घेतला, मेणावर घेतला, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर घेतला. माझ्यावर घेतला नाही. मी नेहमी खरंच बोलतो, असं त्या घरात सगळेच धरून चालले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या मानाची लाज वाटली.

काम सोमवारी द्यायचं होतं. शनिवारी दुपारी ती आली तीच गप्प. आत्या पुढच्या खोलीत खोकी बांधत होती. मुलीने वही उघडली, जुने आकडे होते ते पान उलटलं आणि कोऱ्या पानावर नवा तक्ता आखला. मला वाटलं परत मोजणार. पण तिने मला हातही लावला नाही. आत्या चाळीस मिनिटांनी ओतते, म्हणजे मेण किती वेगाने निवत असलं पाहिजे ते तिने उलटं काढलं. दर मिनिटाला फरकाचा शंभरावा भाग. मग सूत्रातून दहा मिनिटांचा आकडा काढून लिहिला, वीसचा लिहिला, तीसचा लिहिला. सगळे इतके सुरेख जुळले की तिचं तिलाच खटकलं. म्हणून एका ठिकाणी दोन दशांश वाढवले, एका ठिकाणी तीन कमी केले. खऱ्या मोजण्यात थोडी चूक असतेच ना, तीही तिने घरीच तयार केली.

शाळेतली हुशार मुलं हे करतात, मला माहीत आहे. मठ्ठ मुलांना आकडे जुळवता येत नाहीत. त्यासाठी गणित यावं लागतं.

मला राग आला. मी न बोललेले शब्द ती माझ्या नावावर लिहीत होती. पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, कारण हे सगळं माझ्यापायी होत होतं. पान संपवून ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. एखादं गणित सुटल्यावर ती जशी दिसायची, तशी अजिबात दिसत नव्हती.

रविवारी आत्याला एका हॉटेलची मोठी मागणी पुरी करायची होती, म्हणून मुलगी सकाळीच मदतीला आली. वाती ओवून दिल्या आणि स्टुलावर बसून राहिली. पांढरं मेण उतरवून अर्धा तास झाला तेव्हा आत्याने रंगीत पातेल्याखालची आच मंद केली, मला उचलून पांढऱ्या मेणात उभं केलं आणि तेलाचं फडकं घेऊन साचे पुसायला लागली. एक, दोन, तीन, असे चाळीसच्या चाळीस. मग सावकाश माझ्याकडे वळली, वाचलं, मान हलवली, मला खुंटीवर अडकवलं आणि डाव हातात घेतला.

हे आत्या रोज करायची. मुलीने ते शंभरदा पाहिलेलं होतं. येताजाता दहा गोष्टी विचारणाऱ्या या पोरीने एवढं एक कधी विचारलं नव्हतं. आज तिने विचारलं.

“आत्या, तू साचे आधी का नाही पुसून ठेवत? तो बुडवल्यावरच का पुसतेस?”

“बुडवल्या बुडवल्या बघितलं तर हा आधीच्याच पातेल्याचं सांगतो,” आत्या ओतता ओतता म्हणाली. “त्याला जरा बूड टेकू द्यावं लागतं. साचे पुसून होईस्तोवर टेकतो.”

मुलगी स्टुलावरून उठली. “मग मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कधी? तू तर मलाच शिकवत होतीस.”

“तूच म्हणालीस, एका मिनिटात परत आण.”

“मग एका मिनिटात जेवढं कळतं तेवढंच कळणार,” आत्या म्हणाली, आणि तिचा हात काही थांबला नाही.

पुढची पाच मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. त्या मुलीने मला खुंटीवरून काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. आजवर तिने माझ्यावरचे आकडे पाहिले होते, मला पाहिलं नव्हतं. तिने नळीच्या फटीतून आत डोकावलं, तांब्यावर नखाने टकटक केलं. मग मला रंगीत मेणात चांगलं मुरू दिलं, उचलून पातेल्याच्या तळाशी उरलेल्या पांढऱ्या मेणात घातलं आणि हातातल्या घड्याळावर दर अर्ध्या मिनिटाला वाचत गेली. मेण आणि मी यांच्यातला फरक साधारण दीड मिनिटात निम्मा झाला. आणखी दीड मिनिटात त्याच्या निम्मा. मग आणखी निम्मा.

“याचंही तेच,” ती हळूच म्हणाली.

आत्याने विचारलं कशाचं तेच. मुलगी म्हणाली की मेण खोलीकडे जसं निवत जातं, तसाच थर्मामीटर मेणाकडे जात असतो. जेवढा फरक, त्या प्रमाणात. दोघांचं समीकरण एकच, नुसता वेग वेगळा.

म्हणजे मीही एक अवकल समीकरण होतो. इतकी वर्षं मी स्वतःला नुसता मोजणारा समजत होतो. मलाही कुणी मोजू शकतं, आणि मोजल्यावर माझ्यावर न रागावता डोळे एवढे मोठे करून हसू शकतं, हे मला नवीन होतं. मला फार बरं वाटलं.

तिने वही उघडली. कालचं पान तिने खोडरबराने घासून घासून कोरं केलं, कागद पातळ झाला तरी. मग मागचं पान काढलं, जिथे ते फसलेले आकडे होते. तिला आता ठाऊक होतं की साठ मोजेपर्यंत मी माझ्या वाटेची शंभरातली सदतीसच पावलं चाललेलो असतो. निघतो नव्वदवरून. पोचतो साडेपंच्याऐंशीच्या जरासा वर. तर मग जायचं कुठे होतं? तिने मांडलं आणि उत्तर आलं अठ्ठ्याहत्तर. तिसावं मिनिट घेतलं, तेही सुटलं. ज्यांना तीन दिवस चुकीचे म्हणून तिने शिव्या घातल्या, त्या आकड्यांच्या पोटात बरोबर आकडे सगळा वेळ बसून होते. कालच्या सुबक पानातून मात्र काहीच काढता आलं नसतं. तिथे तिने जे घातलं होतं तेवढंच होतं.

सगळं परत मांडल्यावर उत्तर आलं एकेचाळीस मिनिटं. आत्याला तिने ते ओरडून सांगितलं. आत्या म्हणाली, बरं झालं, आता मी उद्यापासून विश्वासाने ओतीन. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, “म्हणजे माझी नळी वाईट, असं तू तिथे जाऊन सांगणार?”

“नळी वाईट नाही. नळीचं गणित मी केलं नव्हतं.”

आत्याला हे पटलं की नाही कळलं नाही, पण तिने परत विषय काढला नाही.

सोमवारी मला एका लोकरी मोज्यात गुंडाळून कॉलेजात नेलं. मुलाखत घ्यायला प्राध्यापक बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. शेजारी चहाचा कप. त्यांनी वही घेतली आणि सगळी पानं सावकाश वाचली, चुकीचे आकडे, माझं समीकरण, सुधारलेले आकडे. मधे एका पानावर थांबल्या. त्यावर बोट फिरवलं.

“इथे काय होतं? कागद झिजलाय.”

मी मोज्यात होतो, तरी मुलीचा हात माझ्यावर घट्ट झालेला मला कळला. काहीही सांगता आलं असतं. आकृती चुकली म्हणाली असती तरी चाललं असतं. तिथे बारा जागा होत्या आणि बाहेर बाकावर तीसेक मुलं बसली होती.

“इथे मी बनवलेले आकडे होते,” ती म्हणाली. “मोजलेले जुळत नव्हते म्हणून. मग मी ते खोडले.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“का खोडलेस? ते जुळत तर असतील.”

“जुळतच होते. त्यातून मला नवीन काही कळत नव्हतं.” मग म्हणाली, “आणि मला रात्री नीट झोप लागली नाही.”

“मग दोष या थर्मामीटरचा, असं म्हणायचं का?”

“नाही. तो खोटं सांगत नाही, उशिरा सांगतो. मी थांबले नव्हते.”

बाईंनी मला मागून घेतलं, मोज्यातून काढलं, वास घेतला आणि मेण लागलेलं असूनही सरळ आपल्या चहाच्या कपात उभं केलं. त्यांनी सात मिनिटं वाट पाहिली, मग वाचलं आणि तो निवालेला चहा बाजूला सारला.

आठवड्याने पत्र आलं. मुलीने ते मागच्या खोलीत उभ्याने वाचलं. वर्ग मिळाला होता. खाली बाईंनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती की शक्य असेल तर तो थर्मामीटर वर्गाला द्यावा, त्याच्या बदल्यात नवा पाठवू. आत्या बराच वेळ मला फडक्याने पुसत राहिली. स्वच्छ झालो तरी पुसत होती. मग म्हणाली, “ने त्याला. पण नळी काढायची नाही म्हणावं. माझ्या हातची आहे.”

नवा आला तो उघड्या अंगाचा, झटकन सांगणारा. तरी आत्या तो बुडवून आधी चाळीस साचे पुसते, असं मुलीनेच नंतर वर्गात हसत सांगितलं.

दोन वर्षं ती दर शनिवारी त्या वर्गात यायची आणि आली की आधी माझी नळी दोन बोटांनी चाचपायची. मग पुढच्या शिक्षणाला लांब निघून गेली. शेवटच्या शनिवारी तिने मला हातात घेऊन पूर्ण तापेपर्यंत धरून ठेवलं. तिचा हात नेमका किती गरम होता ते मला ठाऊक आहे, पण ते मी सांगणार नाही. तिची मला आठवण येते, हे मात्र सांगतो.

आता मी त्या वर्गाच्या कपाटात राहतो. माझं काम बदललंय. दरवर्षी नवी मुलं येतात, सोळा-सतरा वर्षांची, शाळेतलं सगळं संपवून आलेली. बाई त्यांच्यापुढे पाण्याची दोन भांडी ठेवतात, एक गरम ठेवलेलं आणि एक निवत असलेलं, आणि एकच थर्मामीटर. तो मी. नळीबद्दल एक अक्षर सांगत नाहीत. मग बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहतात आणि मी बघत बसतो. कोणी समीकरणावर चिडतं, कोणी पंख्यावर, कोणी माझ्यावर. निम्म्याहून जास्त मुलं तिसऱ्या खेपेला हळूच कोरं पान काढतात. त्यांचा मला राग येत नाही. आकडा जुळला नाही की कसं एकटं वाटतं, ते मी पाहिलंय.

आज सकाळी एक नवी मुलगी आली आहे. शहाणी दिसते. नखं कुरतडलेली, वही नवी कोरी. दोनदा तिचं उत्तर फसलंय आणि आता तिने मला तिसऱ्यांदा गरम भांड्यातून काढून निवणाऱ्या पाण्यात घातलंय. ओठ हलताहेत. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. तिची पेन्सिल कागदावर टेकली आहे.

बाळा, लिहू नकोस. मी अजून उतरतोय.